तापल्यावर बंद पडणारें इंजिन

विद्यार्थिमित्रहो, एखादें यंत्र मोडलें तर त्याचा दोष शोधणें फारसें कठीण नसतें. कारण मोडलेला भाग मोडलेलाच राहतो आणि आपणांस तो सावकाश पाहतां येतो. परंतु जो दोष यंत्र तापल्यावर प्रगट होतो आणि निवल्यावर लपतो, तो पकडण्यास बुद्धीबरोबर धीरही लागतो. असा एक दोष शोधतांना आमच्या हातून जी चूक घडली, ती सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमच्या घरीं सन 1960 च्या सुमाराची एक मोटार आहे. एका उन्हाळ्यांत मुंबईहून पुण्यास जातांना ती खंडाळ्याच्या घाटांत अकस्मात् थांबली. वीस मिनिटांनीं ती कांहींच न झाल्यासारखी सुरू झाली, आणि थोडी चढण चढून पुन्हा थांबली. तेव्हां आम्हीं पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें गुंडाळलें. कांहीं वेळानें गाडी चालूं लागली. झालें! दोष पंपाचाच, असा आम्हीं निकाल दिला. तो पंप आठच दिवसांपूर्वीं मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यांतील शिकाऊ मुलानें बसविला होता. आम्हीं मिस्त्रींकडे तक्रार केली, आणि मुलाच्या मजुरींतून पंपाची किंमत कापण्यांत आली. "साहेब, पंप मी नीट बसवला होता," एवढेंच तो म्हणाला. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

आतां यांतील शास्त्र पाहूं. पेट्रोलचें इंजिन चालण्यास हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, तें दाबणारा दट्ट्या आणि वेळेवर पडणारी ठिणगी, अशा तीन गोष्टी लागतात. चालतें इंजिन तापल्यावर एकाएकीं थांबलें, तर प्रथम संशय पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंवर घ्यावा.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचें मिश्रण आहे. त्यांतील हलके भाग सुमारें 35 अंश सेल्सिअसवरच उकळूं लागतात, तर जड भाग सुमारें 200 अंशांपर्यंत टिकतात. अलीकडे त्यांत इथेनॉल मिसळतात. तें 78 अंशांवर उकळतें. जुन्या मोटारींत बहुधा पंप इंजिनासच जोडलेला असतो आणि तो टाकींतून पेट्रोल ओढून घेतो. ओढतांना नळींतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला म्हणजे द्रव कमी उष्णतेवर उकळतो. याच नियमानें सुमारें 1350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरास पाणी 100 अंशांपूर्वींच, 95-96 अंशांवर, उकळतें. तापलेल्या पंपांत पेट्रोलची वाफ झाली कीं पंप द्रव पुढें ढकलण्याऐवजीं ती वाफच दाबीत बसतो, आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. टाकीच्या झाकणाचें हवेचें छिद्र बुजलें तरीही पेट्रोल येईनासें होतें. मात्र तेव्हां झाकण उघडतांच हवा आंत शिरल्याचा आवाज येतो.

ठिणगीची गोष्ट निराळी. चुंबकक्षेत्र बदललें म्हणजे जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यांनीं 1831 सालीं दाखवून दिलें. मोटारीच्या कॉइलमध्यें दोन वेटोळीं असतात : एक जाड तारेचें, थोड्या वेढ्यांचें, दुसरें बारीक तारेचें, हजारों वेढ्यांचें. पॉइंट उघडले कीं पहिल्यांतील प्रवाह तुटतो, दुसऱ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या फटींत ठिणगी पडते. प्रवाह झटकन तुटावा आणि पॉइंटांमध्येंच ठिणगी उडून शक्ति वायां जाऊं नये, म्हणून तेथें बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर जोडतात. त्यांतील धातूच्या पातळ पट्ट्यांमधील आवरण जुनें झालें म्हणजे तापल्यावर त्यांतून वीज झिरपूं लागते, आणि निवल्यावर तें पुन्हा ठीक होतें. कॉइलचें आवरण खराब झाल्यासही तसेंच घडतें. शिवाय तांब्याची तार 20 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापली तर तिचा विरोध सुमारें 30 टक्क्यांनीं वाढतो. म्हणून दुबळी कॉइल उष्णतेनें अधिकच दुबळी होते.

म्हणजे दोष पेट्रोलचा असो वा ठिणगीचा, विश्रांति मिळतांच गाडी सुरू होते. म्हणून तपासणी दोष हजर असतांनाच केली पाहिजे. पेट्रोल तुटलें असतां इंजिन बहुधा आचके देत थांबतें. ठिणगी गेली असतां फुंकर मारलेल्या दिव्यासारखें पटकन विझतें. पण एवढ्यावर निकाल देऊं नये. एक चांगला प्लग तारेस जोडून, त्याचें अंग इंजिनाच्या लोखंडास टेकवून, इंजिन स्टार्टरनें फिरवून पाहावें. ठिणगी निळी व सतेज असेल तर पेट्रोलकडे वळावें. पिवळट, क्षीण असेल वा मुळींच नसेल तर कॉइल व कंडेन्सर पाहावे. हें काम जाणत्या मोठ्या माणसानेंच करावें. जवळपास पेट्रोल सांडलेलें वा उघडें नसावें, आणि तारेस उघड्या हातानें शिवूं नये. मुलांनीं दुरूनच पाहावें.

आमची चूक येथें ध्यानांत आली. घाटांत आम्हीं ओलें फडकें लावलें हें खरें. परंतु त्याच वेळीं गाडीस विश्रांतिही मिळाली होती! गुण कोणाचा, फडक्याचा कीं विश्रांतीचा? मग मोकळ्या रस्त्यावर आम्हीं प्रयोग केले. गाडी थांबल्यावर फडकें न लावतां वीस मिनिटें वाट पाहिली. ती सुरू झाली. पुढें निघतांनाच पंपावर फडकें बांधून तें सारखें ओलें ठेविलें. तरी ती थांबली. तत्काळ ठिणगी पाहिली, ती पिवळट व क्षीण होती. कॉइल बदलली, फरक पडला नाहीं. मूळ कॉइल परत बसवून केवळ कंडेन्सर नवा घातला. ठिणगी निळी झाली आणि गाडी तासभर चालली. खात्रीसाठीं जुना कंडेन्सर पुन्हा लाविला, तों अर्ध्या तासांत ती थांबली. नवा लावितांच पूर्ववत् चालूं लागली. पंप निर्दोष होता, आणि तो बसविणारा मुलगाही.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कारखान्यांत गेलों. मिस्त्रींच्या देखत मुलाची क्षमा मागितली आणि कापलेली रक्कम त्याच्या हातीं दिली. तो रागावला नाहीं. "कंडेन्सर मी तेव्हाच बघितला असता," तो म्हणाला, "पण तापलेली गाडी मला कोणी दाखवलीच नाही."

विद्यार्थ्यांनो, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण वा दोष कोणाचा हें कळत नाहीं. एका वेळीं एकच बदलावी, आणि शक्य तर ती पूर्वस्थितीस आणून पुन्हा पाहावी. पालकांसही आमची नम्र विनंति आहे. घरांत कांहीं बिघडलें कीं सर्वांत लहान हाताकडे बोट दाखविण्याची आपणां सर्वांस संवय असते. तें दाखविण्यापूर्वीं इंजिन तापूं द्यावें आणि झांकण उघडून स्वतः पाहावें.