रामरामापुरती ओळख आणि संगणक क्षेत्रातली नोकरी



आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात एक वाक्य घरोघरी ऐकू येते, "ओळख असल्याशिवाय नोकरी लागत नाही." बारावी झालेला मुलगा हे ऐकतो आणि मनातच हिशेब करतो. वडील शेतकरी, काका बोरगावच्या कारखान्यात, मामाचा संत्र्याचा बगीचा. मग संगणकाच्या क्षेत्रात आपल्याला कोण ओळखणार? असा विचार करून तो अर्जच करीत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा विचार त्यांच्या वतीने घरचेच करून टाकतात.

हे वाक्य अर्धे खरे आहे आणि अर्धे खोटे. खऱ्या अर्ध्याचा उपयोग कसा करायचा आणि खोट्या अर्ध्यापासून सावध कसे राहायचे, हे या पाठात पाहू.

ओळख कोणती कामाला येते?

ओळखी दोन प्रकारच्या असतात. एक जिवाभावाची, म्हणजे घरचे, सोयरे, रोजचे मित्र. दुसरी रामरामापुरती, म्हणजे वर्षातून एक-दोनदा भेटणारी माणसे. शाळेत दोन वर्षे पुढे असलेली ताई, मित्राचा चुलतभाऊ, नागपूरला खोलीवर शेजारी राहणारा मुलगा, जुने शिक्षक, हे सारे या दुसऱ्या प्रकारात येतात.

नोकरी जिवाभावाची माणसेच मिळवून देतात, असा आपला समज आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टन शहराजवळ नोकरी बदललेल्या लोकांची विचारपूस केली आणि १९७३ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले की ज्याच्याकडून नोकरी कळली, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारा माणूस फक्त सुमारे १७ टक्के लोकांच्या कामी आला होता. सुमारे ५६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याने, तर सुमारे २८ टक्के लोकांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याने वाट दाखवली होती.

याचे कारण सोपे आहे. जवळच्या माणसांना तेच ठाऊक असते, जे आपल्याला आधीच ठाऊक आहे. बोरगावला जागा निघाली तर काका, मावसा आणि शेजारी तिघेही तीच बातमी सांगतील. दूरचा ओळखीचा माणूस वेगळ्या लोकांत उठतो-बसतो, म्हणून तो वेगळी बातमी आणतो.

हीच गोष्ट २०२२ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. लिंक्डइन या नोकरीविषयक संकेतस्थळावरील सुमारे २ कोटी लोकांच्या ओळखींचा पाच वर्षांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यातही रामरामापुरत्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या, आणि संगणकाशी जोडलेल्या उद्योगांत तर विशेष. मात्र अगदीच अनोळखी माणसापेक्षा, ज्याच्यात आणि आपल्यात दहा-एक माणसे सामाईक आहेत, असा माणूस अधिक कामाचा ठरला.

म्हणजे ज्याच्या घराण्यात कुणी इंजिनिअर नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. त्याला काका-मामा लागत नाहीत. त्याला शाळेतली दोन वर्षे पुढची ताई लागते, आणि ती आपल्या प्रत्येकाकडे आहे.

आपल्या देशातले उदाहरण

१९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. तिचे सात संस्थापक एकमेकांचे भाऊ किंवा सोयरे नव्हते. ते सगळे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स या कंपनीतले सहकारी होते. नंदन निलेकणी १९७८ मध्ये तिथे नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांची मुलाखत नारायण मूर्ती यांनी घेतली होती. मुलाखत घेणारा आणि देणारा, एवढीच त्यांची पहिली ओळख. पुढे सोबत काम करताना एकमेकांची पारख झाली आणि तीन वर्षांत दोघे एका कंपनीचे संस्थापक झाले. सुरुवातीचे १०,००० रुपये मात्र सुधा मूर्ती यांनी घरातून दिले. घरची माणसे पाठबळ देतात आणि वाट बहुधा बाहेरच्या ओळखीतून सापडते, हे या एका गोष्टीत दिसते.

ओळख काय करते, काय करीत नाही

संगणक क्षेत्रातल्या पुष्कळ कंपन्यांत 'रेफरल'ची पद्धत आहे. कंपनीत जागा निघाली की तिथला कर्मचारी आपल्या माहितीतल्या माणसाचे नाव सुचवतो. तो माणूस निवडला गेला आणि ठरलेला काळ टिकला, तर सुचवणाऱ्याला अनेक कंपन्या बक्षीसही देतात. कंपनीला यात फायदा आहे. गुणपत्रिकेवरून माणूस प्रोग्राम लिहू शकतो की नाही, चार जणांत मिळून काम करतो की नाही, हे कळत नाही. आपला कर्मचारी आपले नाव पणाला लावून कुणाला सुचवतो, तेव्हा त्याने थोडी पारख केलेली असते.

पण लक्षात ठेवा, रेफरलमुळे तुमचा अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते, इतकेच. परीक्षा आणि मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. ओळख दारापर्यंत नेते, आत आपल्या पायांनी जावे लागते.

ओळखीचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे माहिती. उदाहरणार्थ, गणित घेऊन बारावी झालेल्यांसाठी एचसीएल कंपनीने २०१७ मध्ये टेकबी नावाची योजना सुरू केली. आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि सोबतच पदवीचे शिक्षण, अशी तिची रचना. विप्रोने बीसीए आणि बीएससी झालेल्यांसाठी नोकरी करता करता पुढचे शिक्षण देणारी योजना चालवली. अशा योजनांच्या अटी आणि तारखा बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहाव्यात. पण अशी काही योजना असते, हे आधी कुणीतरी सांगावे लागते. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस अशा कंपन्या आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहेत. दर मंगळवारी-शनिवारी नागपूरची कितीतरी माणसे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येऊन जातात, आणि आपण मात्र म्हणतो की आपल्याला कुणी ओळखत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण आपली भाषा आणि ये-जा तुटली नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि कामापुरती इंग्रजी, अशा तीन भाषांचा मुलगा नागपूर-पुण्यातही आणि भोपाळ-इंदूरमध्येही ओळख जोडू शकतो. माझी पदवी हिंदी माध्यमाची आहे, म्हणून सांगतो, माध्यमाची लाज बाळगू नका. इंग्रजीचा सराव मात्र रोज करा, कारण मुलाखतीत तिची गरज पडते.

विचारायचे कसे?

पुष्कळ मुले लाजतात, आणि जी विचारतात ती लिहितात, "दादा, जॉब लावून द्या." या निरोपाला उत्तर देणे कठीण असते, कारण दादाच्या हातात जॉब नसतो. त्याऐवजी असे लिहावे :

"ताई, नमस्कार. मी आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. तुम्ही दहावीत होता तेव्हा मी आठवीत होते. आता बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावा शिकते आहे आणि एक छोटा प्रोग्राम तयार केला आहे. तुमच्या कंपनीत नवीन मुलांची परीक्षा कशी असते आणि मी आता कशावर भर द्यावा, एवढे सांगाल का? तुमच्या सोयीने दहा मिनिटे बोललात तरी चालेल."

यात चार गोष्टी आहेत : आपली ओळख, आपली तयारी, एक नेमका प्रश्न आणि समोरच्याच्या वेळेचा मान. उत्तर आले की आभार माना, सांगितलेले करा आणि दोन महिन्यांनी काय केले ते कळवा. या कळवण्यामुळेच समोरच्याला भरवसा येतो, आणि पुढे जागा निघाली की त्याला तुमचे नाव आठवते. उत्तर आले नाही तर राग धरू नका, दुसऱ्याला विचारा.

सावधान!

१. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कोणत्याही नावाने पैसे मागितले तर तिथेच थांबा. संत्र्याच्या बहाराचा पैसा 'सेटिंग' करणाऱ्याच्या हातात देऊ नका.
२. नियुक्तिपत्र आले की ते कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर विचारून तपासा. ओटीपी कुणालाही सांगू नका.
३. अनुभवाचे खोटे दाखले जोडू नका. कंपन्या कागदपत्रे तपासतात. पकडले गेल्यास नोकरी जाते आणि ज्याने तुमचे नाव सुचवले त्याचीही मान खाली जाते.
४. अनोळखी माणसाने एकटे भेटायला बोलावले तर जाऊ नका. घरी किंवा शाळेत सांगा.

ज्याला वाट सापडली, त्याचे कर्तव्य

ओळखीच्या पद्धतीत एक दोषही आहे. ज्यांच्या वस्तीतून, ज्यांच्या समाजातून आधी कुणी गेलेले नाही, ती हुशार मुले बाहेरच राहतात. म्हणून ओळख ही जातीची किंवा सोयरिकीची मालमत्ता होऊ देऊ नका. नोकरी लागलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वर्षातून एकदा शाळेत येऊन आठवी ते बारावीच्या मुलांशी तासभर बोलावे आणि आपला पत्ता शाळेच्या वहीत लिहून ठेवावा. नाव सुचवताना मात्र पात्रता पाहावी. माहिती सर्वांना द्यावी, शिफारस लायक मुलाचीच करावी.

अभ्यास

१. घर आणि सोयरे सोडून तुम्हाला माहीत असलेल्या दहा माणसांची नावे आणि कामे लिहा.
२. त्यांपैकी एकाला वरीलप्रमाणे निरोप लिहा आणि पाठवण्यापूर्वी वर्गशिक्षकांना दाखवा.
३. पालकांनी सांगावे : आपल्या मुलीला शाळेतल्या ताईशी बोलायला आपण कधी सुचवले आहे का?



— प्राचार्य