डॅशबोर्ड एकदाच उतरवा

जुन्या गाडीचा हीटर आपल्याकडे सहसा कोणी मनावर घेत नाही. गळायला लागला की दोन्ही होज पाइप एकमेकांना जोडून बायपास करायचा आणि मोकळं व्हायचं. पण भर पावसात ताम्हिणी घाटात समोरची काच आतून धुरकटली की हीटरची किंमत कळते.

माझ्या १९९८च्या मारुती ८००मध्ये डाव्या सीटसमोरच्या मॅटखाली गोडसर वासाचं चिकट पाणी साचू लागलं, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर धरू लागला. ही हीटरची कॉइल गळत असल्याची खूण. गॅरेजवाल्याने डॅशबोर्ड उतरवला, तेवढी कॉइल बदलली आणि सगळं पुन्हा बसवून दिलं. पुढच्या पावसाळ्यात हीटरचा, म्हणजे त्यात गरम पाणी सोडणारा कॉक गळू लागला. डॅशबोर्ड पुन्हा खाली! कॉकच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त झाली.

या वेळी हीटरचा डबा माझ्यासमोर उघडला. आतल्या हवा वळवणाऱ्या झडपांच्या कडेचा फोम बोट लावताच काळी भुकटी होऊन गळत होता. हा फोम गेला की झडप लागूनही फट राहते आणि काचेवर जायची हवा पायाशी जाते. नुसती कॉइल बदलून हीटर नीट चालणार नव्हताच.

म्हणून सांगतो, डॅशबोर्ड उतरलाच तर कॉइल, कॉक, होज पाइप, क्लिपा आणि फोम हे सगळं एकदमच नवं घाला. ब्लोअर आवाज करत असेल तर तोही तेव्हाच बघून घ्या. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, प्रत्येक केबल आणि कनेक्टरचा फोटो काढून ठेवा. घट्ट बसलेला होज पिळून ओढू नका, कॉइलची नळी सांध्यात तुटते. ब्लेडने उभा चिरून काढा.

तांब्या-पितळेच्या कॉइलला रेडिएटरवाला डाख लावून देतो, पण जाळी कुजली असेल तर नवीच घ्यावी. बसवण्याआधी एक नळी बंद करून दुसरीतून बेताची हवा भरा आणि कॉइल बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर ती परत करा.

सगळं बसवल्यावर रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरू नका, गंज आणि क्षार आतून कॉइल खातात. कूलंट कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते. जुनं कूलंट रस्त्यावर सांडू नका. ते विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात.

चालू स्थितीतला हीटर घाटात दुसऱ्या छोट्या रेडिएटरसारखा कामी येतो. तापमानाचा काटा चढू लागला की हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, इंजिनची बरीच उष्णता बाहेर पडते. बायपास केलेल्या गाडीत हा आधार उरत नाही. तेव्हा काम देतानाच मेकॅनिकला बदलायच्या भागांची ही यादी लिहून द्या आणि डबा बंद होण्याआधी बादलीतली चाचणी स्वतः बघा.