राजीनामा नव्हे, कपातीचं पत्र मागा

नोकरी जाणार हे कळलं की डोकं घराच्या हप्त्यात आणि मुलांच्या फीमध्ये अडकतं. समोर ठेवलेला कागद वाचायचं राहून जातं. पण आपल्याला किती पैसे मिळणार आणि पुढे दाद मागता येणार की नाही, हे तोच कागद ठरवतो. 2019 साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा भोसरीतल्या आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी हे जवळून पाहिलं.

ऑर्डरी आटल्या, तिसरी पाळी बंद झाली आणि एचआरकडून एकेकाला बोलावणं येऊ लागलं. आत टाइप केलेला राजीनामा तयारच असायचा. "कपातीचा शिक्का लागला तर पुढे कुणी घेणार नाही. राजीनामा द्या, सेटलमेंटचा चेक लगेच मिळेल. पण सही आजच हवी." बरेच जण सही करून बाहेर आले. माझी पाळी येण्याआधी मी सोसायटीतल्या एका काकांना गाठलं. त्यांचं आयुष्य युनियनच्या कामात गेलेलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "काम कोण काढून घेतंय, तू की कंपनी? मग राजीनामा तुझा कशाला?"

या प्रश्नातच सगळा कायदा होता. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार देणं बंधनकारक होतं. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागे. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं तरी ते सलग वर्ष धरलं जाई. पण स्वतःहून नोकरी सोडली, तर ती कपात ठरत नाही आणि ही भरपाईही मिळत नाही. राजीनाम्यासाठी एवढी घाई कशाला होती, ते मला तिथे कळलं.

दुसरी मेख सेटलमेंटच्या आकड्यात होती. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये आहेत आणि नोकरी 11 वर्षं 8 महिने झाली आहे. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 12 वर्षं. ग्रॅच्युइटी काढताना महिना 26 दिवसांचा धरतात. 15 दिवसांचे 15,000, म्हणजे 12 वर्षांचे 1,80,000 रुपये. कपातीची भरपाई वर्षाला सुमारे 13,000, म्हणजे 1,56,000. नोटिशीचा पगार 26,000. एकूण 3,62,000 रुपये. अशा माणसापुढे दोन लाखांचा चेक ठेवला तर तो मोठा वाटतो. पण त्यातले 1,80,000 पाच वर्षं पूर्ण केलेल्याला राजीनामा दिला तरी मिळणारच असतात. म्हणजे उरलेल्या 20,000 रुपयांत तो 1,82,000 रुपयांचा हक्क सोडून देतो. म्हणून रक्कम कशाकशाची किती, हे वेगवेगळं लिहून मागा. पीएफ तर तुमचाच आहे, तो सेटलमेंटमध्ये मोजू देऊ नका.

आम्ही काही जणांनी मिळून ईमेल केला: आम्ही राजीनामा देत नाही, कपात करायची असेल तर कायद्याप्रमाणे नोटीस द्या. दबाव आला, पण अखेर कपातीचं पत्र मिळालं आणि तिन्ही रकमा वेगवेगळ्या मिळाल्या. नोकरी वाचली नाही, हक्काचे पैसे मात्र वाचले. सही केलेले सहकारी दिवाळीनंतर कामगार आयुक्त कार्यालयात गेले, तेव्हा कंपनीने पहिल्यांदा त्यांचे राजीनामेच पुढे केले. राजीनामा जबरदस्तीने घेतला, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडतो. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायची 90 दिवसांची मुदतही तोवर उलटली होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला 15 दिवसांची भरपाई तिच्यातही आहे. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कपातीला सरकारची पूर्वपरवानगी लागते. हा आकडा आधी केंद्रीय कायद्यात 100 होता. कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात मिळायचा आहे. वर्षाच्या आत त्या कामासाठी पुन्हा भरती झाली तर आधी जुन्या माणसाला विचारावं लागतं. सर्वसाधारणपणे त्या वर्गात शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडला तर कारण नोंदवावं लागतं. दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, हे विसरू नका.

हे हक्क संहितेच्या व्याख्येतल्या कामगाराला आहेत. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना 18,000 रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक त्यातून वगळलेले आहेत. पण कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलं म्हणून कुणी आपोआप बाहेर जात नाही. प्रत्यक्ष काम काय करता, ते पाहिलं जातं. म्हणून तुम्ही बसत नाही, असं कंपनीने सांगितलं तरी कामगार वकिलाला विचारल्याशिवाय मानू नका.

कुणकुण लागताच अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, हजेरीचे पुरावे आणि कामाचे ईमेल यांच्या प्रती घरी ठेवा. बोलावणं आलं की कागदाची प्रत मागा आणि "वाचून लेखी कळवतो" एवढंच सांगा. झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कंपनीला कळवा. दबावाखाली सही झाली असेल तर गप्प बसू नका. राजीनामा मागे घेतो, असं कारणासह ताबडतोब लिहा आणि कामगार कार्यालय गाठा. आणि एकटे आत जाण्याआधी शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी बोला. त्याच्यापुढेही तोच कागद येणार आहे, आणि दोघांनी मिळून नाही म्हणणं एकट्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.