“सध्या काय करतेस?”



पुण्यातल्या कंपनीतली भरल्या पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला किंवा सांगली-मिरजेला घर सांभाळायला परतणे आता नवलाचे राहिलेले नाही. कधी बाळ लहान असते, कधी सासरे अंथरुणाला खिळलेले असतात. मिस्सानंतर अंगणात कोणी विचारते, “सध्या काय करतेस?” ती म्हणते, “काही नाही, घरीच असते.” आजचा अभ्यास या ‘काही नाही’चा आहे.

हे उत्तर तिने एकटीने शोधलेले नाही. आपली जनगणनासुद्धा फक्त घरकाम करणाऱ्यांना ‘काम न करणाऱ्यां’त मोजते. २०११ साली घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी होत्या, पुरुष ५८ लाखांच्या आसपास. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २८९ मिनिटे निघाली, पुरुषाची ८८. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी.

आपल्या जिल्ह्याला तरी हे सांगावे लागू नये. साताऱ्याची माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली आणि गावाकडे मनीऑर्डर येत राहिली. शेत, गुरेढोरे, सासू-सासरे, पोरांच्या शाळा हे सगळे मागे राहिलेल्या बाईने पाहिले. १९८२ चा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हा किती घरे तिच्याच कामावर तगली! तरी सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचेच.

न्यायालयाने मात्र या कामाचा हिशेब करायला घेतला आहे. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. रक्कम तुटपुंजी वाटते, पण निदान शून्य नव्हते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या दाव्यात न्यायमूर्ती रमणा यांनी स्पष्ट केले की घरातले काम कचेरीतल्या कामाहून कमी मोलाचे नाही. वाईट एवढेच की हा हिशेब बाई गेल्यावर होतो.

म्हणून ती असतानाच, राजीनाम्याचे पत्र लिहिण्याआधी, नवरा-बायकोने वही घेऊन बसावे. पगार एक होणार, तर घरखर्चाला हात पसरायला लागू नये म्हणून दरमहा ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जावी. (ही ‘मेहेरबानी’ वाटत असेल, तर वरची २८९ मिनिटे पुन्हा वाचावीत.) पेन्शन योजनेत १० वर्षांची नोकरी भरली असेल तर निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो. भरली नसेल तर घाईने पैसे काढू नयेत. योजनेचे प्रमाणपत्र घेतले की पुढे नोकरी धरल्यावर जुनी वर्षे जोडता येतात. बाळंतपण जवळ असेल तर राजीनाम्याची घाई तर नकोच, कारण २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. घर घ्यायचे झाले तर एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे खरेदीला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे.

आणि नोकरी तिनेच का सोडायची, हा प्रश्नही त्या वहीत लिहावा. काही घरांत नवरा थांबतो, आणि घर चालते. मग अंगणात लोक त्यालाही विचारतात, “सध्या काय करतोस?”