वामनवृक्षाला नवी मुळे : बुडाशी बांधायची गुटी



वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय, पाहताना आपली नजर आधी फांद्यांवर जाते. जाणकार आधी बुंधा पाहतो. बुंध्यातून चारही अंगांनी मुळे पसरून मातीत शिरलेली असली, तर हातभर उंचीचे झाडही जुनाट, भारदस्त वाटते. जपानी लोक या पसाऱ्याला ‘नेबारी’ म्हणतात. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर यांची रोपे पुष्कळदा विहिरीच्या कठड्यातून किंवा पडक्या भिंतीतून काढलेली असतात. फटीत वाढलेल्या झाडाची मुळे एकाच बाजूला जातात. मग वरचा भाग कितीही देखणा असो, झाड कुंडीत कलंडल्यासारखे दिसते आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळत नाही.

कर्जतला आमच्या छोट्या रोपवाटिकेत असे एक उंबर आहे. बुंधा मनगटाएवढा, मुळे फक्त उजवीकडे. शिकायला येणाऱ्या भिल्ल व पारधी वस्तीवरच्या मुलांचे म्हणणे पडले, टाकून द्या. त्यांच्यासोबत येणाऱ्या एक ताई डाळिंबाच्या बागांत मजुरीने गुट्या बांधतात. त्या म्हणाल्या, “दादा, फांदीला मुळं फुटत्यात, मग बुडाला का नाही फुटायची?”

प्रश्न बिनतोड होता. पुस्तकात याला ‘ग्राउंड लेयरिंग’ म्हणतात, पण काम गुटीचेच. डाळिंबाचे बी लावले तर मूळ झाडासारखेच फळ येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ वाण शेतकरी गुटीने वाढवतात. ज्या हातांना ही कला येते त्यांना आपण नुसते ‘मजूर’ म्हणतो, हे मला खटकते.

गुटी का लागते ते समजून घेऊ. मुळांनी ओढलेले पाणी आतल्या लाकडातून वर जाते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीतून खाली उतरते. सालीची एक कडी काढली की पाणी चढत राहते, म्हणून झाड जगते. अन्न आणि मुळे फुटवणारे द्रव्य कापाच्या वरच्या काठाशी अडते. तिथे गाठ धरते आणि ओल व अंधार मिळाला की मुळे निघतात. म्हणजे नवी मुळे जिथे हवीत, तिथेच वरचा काप यायला हवा. तो वाकडा गेला तर मुळांचा पसाराही वाकडाच होणार.

काम पावसाच्या तोंडाशी करावे. धारदार चाकूने बुंध्याच्या जाडीइतकी रुंद साल सभोवार काढावी. वड-उंबराचा चीक पाण्याने धुऊन पुसावा. सालीखालचा निसरडा, ओलसर थर लाकूड लागेपर्यंत खरवडून काढणे सर्वांत महत्त्वाचे. तो राहिला किंवा कडी अरुंद झाली, तर झाड साल पुन्हा जोडून घेते आणि मुळे फुटतच नाहीत. वरच्या काठाला आयबीएची पूड लावावी. मग बुडाभोवती प्लॅस्टिकच्या कुंडीची तळ कापलेली कडी बसवून तीत ओले मॉस आणि चाळलेली जाड वाळू भरावी. ओल सतत हवी, चिखल नको. आपल्या तालुक्यात पाऊस दडी मारतोच, तेव्हा त्यावर गोणपाट टाकावे. झाड हलू नये म्हणून कुंडीला बांधून ठेवावे.

वड-उंबराला साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे दिसतात. पांढरी, ठिसूळ मुळे दिसताच कापायची घाई करू नये. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्यावेत. मगच खालचे जुने बूड करवतीने तोडावे, नवी मुळे कौलाच्या तुकड्यावर चोहीकडे पसरून लावावीत आणि झाड महिनाभर सावलीत ठेवावे. दसऱ्यापर्यंत मुळे बारीकच राहिली तर पुढच्या पावसापर्यंत थांबलेले बरे.

एक सूचना : रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यातून एकही रोप उचलायचे नाही. भिंती आणि विहिरी पुष्कळ आहेत, तिथली झाडे मालकाला विचारून काढावीत.

आमच्या उंबराची साल मृगात काढली. आता तीन बाजूंना मुळे आली आहेत, डावी बाजू कोरडी आहे. तेवढ्याच भागात ताईंनी वरचा काठ बोटाच्या पेराएवढा पुन्हा ताजा कापला, पूड लावली आणि मॉस परत दाबून बसवले.