हुकूम नसतानाचा कुत्रा

‘मॅडम, स्पर्धेसाठी कुठली जात घ्यावी?’ हा प्रश्न लोक मला साधारणपणे पिल्लू घरी आणून झाल्यावर विचारतात. पिल्लू मांडीवर असतं, मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा स्पर्धेचा व्हिडिओ चालू असतो, नावही ठरलेलं असतं. मी चहा टाकते आणि एवढंच विचारते, ‘याच्या आईला बघितलंत का?’ बहुतेकांनी बघितलेली नसते.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. पोरांना अडथळ्यांची शर्यत शिकवण्यातच नोकरी संपली, त्यामुळे कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटीची गोडी लागायला वेळ लागला नाही. घर महाबळेश्वरात, आणि घरात कुत्रं नाही असा काळ मला आठवत नाही. आता आसपासच्या लोकांची कुत्री माझ्याकडे शिकायला येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं शिकवण्यात नसतं, निवडीत असतं.

खेळ दोन, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. ओबीडियन्समध्ये कुत्र्याने पट्ट्याशिवाय डाव्या पायाला लागून चालायचं, बसवलं तिथे बसून राहायचं, बोलावल्यावर सरळ येऊन समोर बसायचं, डंबेल उचलून आणायचं. वरच्या पातळीवर सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतून मालकाच्या हाताचा वास असलेली वस्तू ओळखायची. अ‍ॅजिलिटी त्या मानाने पोरवयातली. 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांना काहीतरी दाखवायचं म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या धर्तीवर ती मांडली. उड्या, बोगदा, सी-सॉ, उतरती फळी, बारा काठ्यांमधली नागमोडी. सगळं घड्याळ लावून, आणि कुत्र्याला हात न लावता. पहिल्या खेळाला सबुरी लागते, दुसऱ्याला वेग आणि वेगातही तुमच्याकडे असलेला कान. दोन्हींत एकच कुत्रं चमकेल असं धरून चालू नका.

मग जातीने काय कळतं? माझ्या मते एकच गोष्ट कळते, पण ती फार मोलाची आहे: तुम्ही काहीच सांगितलेलं नसताना कुत्रं काय करेल. हुकूम तुम्ही दिवसातून तासभर द्याल. उरलेल्या वेळात त्याचे पणजोबा हुकूम देत असतात.

हे मला हरणीने शिकवलं. हरणी म्हणजे कारवान मादी, जतच्या मामांकडून आलेली. जत, सांगोला, मंगळवेढा या कोरड्या माळांवर कारवान पिढ्यानपिढ्या पाळली जातात. सरहद्दीपलीकडे मुधोळला घोरपडे राजांनी हीच कुत्री जोपासली. आपल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात ‘कारवान हाउंड’ आणि कर्नाटकात ‘मुधोळ हाउंड’ असा नावाचा घोळ त्यामुळेच आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळही होतं. अंगावर चरबीचा थेंब नाही, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं. असं जनावर अ‍ॅजिलिटीत सगळ्यांची धूळधाण उडवेल असं कोणालाही वाटेल.

हरणी हुशारच होती. बैस, थांब, ये, सगळं अंगणात पाठ. पण एकदा मार्चच्या वाऱ्यात पाचगणीच्या टेबल लँडवर कोणा पर्यटकाची चुरमुऱ्याची पिशवी उडाली आणि हरणी गेली. गेली म्हणजे, मी ‘हरणी’ म्हणायला तोंड उघडलं तेव्हा ती घोड्यांच्या रांगेपलीकडे होती. टेबल लँडला कडा आहे, आणि तो काही कुंपण घालून ठेवलेला नाही. पिशवी कड्यावरून खाली गेली, ती काठावर उभी राहून बघत राहिली. मग सावकाश परत आली, आपण काही विशेष केलं असं तिच्या गावीही नव्हतं. तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. कारवान हे डोळ्याने शिकार करणारं कुत्रं. ससा पळाल्यावर धन्याच्या हुकमाची वाट बघत बसणारं कारवान माळावर कोणी ठेवलंच नसतं. शेकडो वर्षं निवड झाली ती माणसाकडे वळून न बघणाऱ्याची, आणि ओबीडियन्सच्या रिंगणात गुण मिळतात ते वळून बघणाऱ्याला.

अंगाचाही प्रश्न असतो, तो व्हिडिओत दिसत नाही. अ‍ॅजिलिटीच्या बोगद्याचा व्यास 60 सेंटीमीटर. चांगला कारवान नर खांद्याशी 70 सेंटीमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे त्याने धावता धावता गुडघ्यात यायचं. नागमोडीच्या काठ्यांतलं अंतरही 60 सेंटीमीटर. लांब पाठीच्या कुत्र्याला तिथे स्वतःची घडी घालावी लागते. शिवाय कातडी कागदासारखी पातळ, घाणेरीच्या झुडपात किंवा स्ट्रॉबेरीच्या शेताच्या तारेत एकदा शिरलं की टाके. भूल द्यायची वेळ आलीच तर डॉक्टरांना आधी आठवण करून द्या, की हे बिनचरबीचं कुत्रं आहे. भुलेची काही जुनी औषधं अशा कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

कारवान वाईट असं मी म्हणत नाही. सरळ धाव हवी असेल, मोकळा माळ असेल, तर त्याच्यासारखं सुख नाही. फक्त त्याला सशाच्या मागे सोडू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आता सगळ्यांच्या लाडक्या बॉर्डर कोलीकडे येते. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाचं 1994चं पुस्तक आहे, कुत्र्यांच्या बुद्धीवर. त्यातली क्रमवारी सगळे सांगतात: पहिला बॉर्डर कोली, मग पूडल, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, लॅब्राडॉर सातवा, बीगल तळाजवळ, अफगाण हाउंड अगदी शेवटी. ती यादी उत्तर अमेरिकेतल्या ओबीडियन्सच्या परीक्षकांना विचारून केलेली आहे, हे कोणी सांगत नाही. म्हणजे तिने मोजली ती रिंगणातली आज्ञाधारकता. कोली घरात दिवसभर काय करतो हे परीक्षकाला कुठून कळणार?

ते मला कळलं, कारण एका हॉटेलवाल्यांचा कोली माझ्याकडे आला. दहा मिनिटांत जे शिकवाल ते शिकणारा. पण त्याच्या रक्तात मेंढरं वळवणं आहे, आणि आमच्याकडे मेंढरं नाहीत, घोडे आहेत. वेण्णा तलावापाशी त्याने घोडे वळवायला घेतले: पोट जमिनीला टेकवून, डोळे रोखून, मागून चक्कर मारत. एका घोड्यावर आठ वर्षांचं पोर बसलेलं होतं. घोडेवाल्याने पोराला वेळेवर उतरवलं म्हणून निभावलं. कोलीला जबड्यावर लाथ बसली ती बसलीच. पुढे बंद खोलीत ठेवलं तर तो भिंतीवरच्या सावल्या वळवू लागला. त्याला रोज दोन-तीन तास डोक्याचं काम लागतं, आणि सीझनमध्ये हॉटेलवाल्याला जेवायलाही फुरसत नसते. शेवटी फलटणकडे शेळ्या पाळणाऱ्या एकाने त्याला नेलं. तिथे तो सुखी आहे, पण कप काही आला नाही.

मॅलिनॉइसबद्दल थोडक्यात: लष्करी व्हिडिओ बघून घेऊ नका. ते कुत्रं काम नसलं की दातांनी काम शोधतं. घरी लहान मूल आणि रोज नवे पाहुणे असतील तर तिथेच विषय संपला. जर्मन शेफर्ड पुष्कळ शहाणा, ओबीडियन्सला उत्तम. मात्र आपल्या बाजारात उतरत्या पाठीची, मागचे पाय ओढणारी पिल्लं ‘शो क्वालिटी’ म्हणून खपवतात. ती उडी मारायला नाहीत. बीगल गोड असतो, पण त्याचं नाक जमिनीला चिकटलेलं. पर्यटकांनी टाकलेलं मक्याचं कणीस तुमच्या हाकेपेक्षा मोठं.

लॅब्राडॉरला आपण उगाच आळशी करून ठेवलंय. पुण्याच्या शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला मुंबई पोलिसांचा झंजीर लॅब्राडॉरच होता. 1993च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात त्याने 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं. या जातीचा हुकूम नसतानाचा उद्योग म्हणजे तोंडात काहीतरी धरून माणसाकडे आणणं. चप्पल असो, टॉवेल असो, आणतो तुमच्याकडेच. ओबीडियन्सचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं. फक्त विकणारा ‘डबल बोन’ म्हणून जो गोळा दाखवतो तो घेऊ नका. त्या शब्दाला प्राण्यांच्या शास्त्रात काही अर्थ नाही, जाडजूड पिल्लू महाग विकायला मात्र आहे. पायांनी उंच, कमरेत बारीक, आई-बाप धावणारे असा लॅब घ्या आणि त्याचं वजन राखा. अ‍ॅजिलिटीत तो पहिला येणार नाही, पण पुरा कोर्स आनंदाने करेल.

आणि एक सांगते, ऐकून हसाल. ज्याला आपण घरोघर ‘पॉमेरियन’ म्हणतो ते पांढरं, झुपकेदार शेपटीचं कुत्रं खरं तर इंडियन स्पिट्झ. हलकं, चपळ, आपल्या हवेत रुजलेलं, खाण्यासाठी जीव टाकणारं. अ‍ॅजिलिटीत उंचीप्रमाणे गट असतात, तेव्हा त्याला शेफर्डच्या उंचीच्या उड्या माराव्या लागत नाहीत. भुंकण्यात गुण जात नाहीत हेही त्याच्या पथ्यावर पडतं. सोफ्यावर बसवून बिस्किटं घालण्यापलीकडे त्याला कोणी काही शिकवलेलंच नाही. आपल्या गावठी कुत्र्यांचंही तसंच. फक्त ती नवीन वस्तूला बिचकतात, म्हणून सी-सॉ आणि बोगदा त्यांना फार लहानपणी, खेळता खेळता दाखवावा लागतो.

एवढं जातीपुराण झाल्यावर त्याला एक कात्री लावते. 2022 साली ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या हजारो कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यानुसार एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे असतो. मग वरचं सगळं खोटं का? नाही, त्याच अभ्यासात हुकूम ऐकण्याच्या बाबतीत जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त दिसला. पण उरलेलं सगळं त्या एका पिल्लाचं, त्याच्या आई-बापांचं आणि तुमचं. म्हणून मी आईला बघा म्हणते. आई अनोळखी माणसाला घाबरून कोपऱ्यात जात असेल तर पिल्लू कितीही गोजिरं असो, उठून या. बापाची फक्त ट्रॉफीसकटची फोटोफ्रेम दाखवत असतील तर दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. उड्या मारणाऱ्या कुत्र्याचं करिअर खुब्यातच मोडतं. केनेल क्लबचे पेपर वंशावळ सांगतात, तब्येत नाही. आणि 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही; पाच आठवड्यांचं हातात ठेवणारा ब्रीडर बाकीही नियम पाळत नसणार.

घाई पुढेही नको. आंतरराष्ट्रीय नियमाने अठरा महिन्यांखालचं कुत्रं अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेत उतरवता येत नाही, कारण हाडांची टोकं तोवर पक्की होत असतात. वर्षभर आडवी काठी जमिनीवरच ठेवा.

डोंगरावरच्या लोकांसाठी दोन खास गोष्टी. पहिली गोचिडांची. गोचीड किंवा खरूज झाली की आयव्हरमेक्टिन टोचायचं, हा आपल्याकडे सर्रास उपाय. पण कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या घराण्यातल्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-1 जनुकात दोष असतो. ते औषध त्यांच्या मेंदूत शिरतं, कुत्रं झोकांड्या खातं, बेशुद्ध पडतं, दगावतंही. बॉर्डर कोलीत हा दोष बराच कमी, पण तरी डॉक्टरांना जात सांगितल्याशिवाय सुई लावू देऊ नका.

दुसरी पावसाची. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला गेलं की जेमतेम सातशे-साडेसातशे. जांभ्यावर शेवाळ चढलं की उडी मारणं म्हणजे खांदा निखळवणं. म्हणून पावसाळ्यात आम्ही व्हरांड्यात फक्त चालणं आणि थांबणं करतो, धावायचं असेल तर गाडी काढून वाई गाठतो. ज्याला हे जमणार नाही त्याने ओबीडियन्सवरच समाधान मानावं, आणि तसंच शांत पिल्लू निवडावं.

पिल्लू आणण्याचा महिनाही यावरच ठरतो. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखून घेतं. तेव्हा जे दिसत नाही त्याला ते जन्मभर बिचकतं. जूनमध्ये आणलेल्या पिल्लाला इथे काय दिसणार? धुकं, प्लास्टिकने झाकलेली दुकानं आणि तुमची छत्री. ऑक्टोबरात एकदम माणसं, घोडे, बसचे हॉर्न, वर दिवाळीचे फटाके. त्यामुळे फटाके संपले की नोव्हेंबरात आणा. लसी पूर्ण होईपर्यंत बाजारपेठेतून कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका. पार्व्होचे जंतू मातीत महिनोन्महिने टिकतात. घोड्याजवळ न्या, टांग्याचा आवाज ऐकवा, टोपीवाला, छत्रीवाला, व्हीलचेअरवाला, सगळ्यांच्या हातून त्याला एकेक दाणा खाऊ घाला. लोक आपण होऊन गोळा होतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.