पडद्याआधी प्रसंग लिहावा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस, कांदा, टोमॅटो. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात भात, नाचणी आणि हिरडा. पिकाचे नुकसान झाले की भरपाईसाठी प्रथम पाहिली जाते ती सातबाऱ्यावरील नोंद. पूर्वी गाव नमुना 12 मधील ही नोंद तलाठी करीत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून, छायाचित्रासह पीक नोंदवू लागला.

या बदलाचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. तलाठ्याला शेतकरी आपली अडचण सांगू शके. पडदा मात्र तेवढेच विचारतो, जेवढे कोणी आधी लिहून ठेवलेले असते. म्हणूनच संगणक प्रणाली मागविताना आपल्या गरजा नेमक्या लिहिणे हे शासकीय कामाचेच अंग होय.

त्यासाठी 'यूज केस' म्हणजे वापर-प्रसंग ही रीत उपयुक्त आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत काम करताना इव्हार याकोबसन यांनी ती 1980 च्या दशकात विकसित केली. 1992 मध्ये त्यांच्या ग्रंथाद्वारे ती सर्वत्र पोहोचली.

उदाहरणादाखल पीकनोंदीचा प्रसंग असा लिहिता येईल :

1. कोण : डोंगराळ गावातील खातेदार.
2. हेतू : भातपीक व बांधावरील हिरड्याची झाडे नोंदविणे.
3. सरळ वाट : खातेदार गट क्रमांक निवडतो, पीक व क्षेत्र भरतो, छायाचित्र काढतो, माहिती पाठवितो, पोच मिळते.
4. आडवाटा : शिवारात नेटवर्क नाही, एका गटात दोन पिके आहेत, क्षेत्र चुकले, खातेदाराला वाचता येत नाही.

खऱ्या गरजा आडवाटांतच सापडतात. 'पडदा सोपा असावा' हे वाक्य तपासता येत नाही. 'नेटवर्क नसतानाही भरलेली माहिती मोबाइलमध्ये टिकावी व ती अद्याप पाठविलेली नाही, हे खातेदाराला स्पष्ट दिसावे' हे वाक्य प्रत्यक्ष शेतात उभे राहून तपासता येते. बटणाचा रंग वा जागा मात्र प्रसंगात लिहू नये. तो पुढील आराखड्याचा विषय आहे.

अशा नोंदींसाठी तयार सॉफ्टवेअरही मिळते. ते प्रत्येक प्रसंगाला क्रमांक देते, संबंधित पडद्याशी त्याची सांगड घालते आणि केलेला बदल जपून ठेवते. परंतु आपल्या गावची आडवाट त्याला ठाऊक असेलच असे नाही. ती सांगेल शेतकरीच.

यास्तव प्रणाली तयार होण्यापूर्वी लिहिलेले प्रसंग ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एकच प्रश्न विचारावा : "यात आपल्या गावची कोणती अडचण राहून गेली?" जी अडचण कागदावर येणार नाही, ती पडद्यावरही येणार नाही.